लाळग्रंथीच्या कॅन्सरचा अभ्यास कशावर करतात? पेशी, उंदीर, ऑर्गनॉइड आणि आपला रिपोर्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे कोण लिहितंय आणि कोणासाठी?

मी नागपूरची, सक्करदऱ्याला राहते, मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलंय, डॉक्टर नाही. आईच्या तोंडातल्या टाळूला गाठ आली, बायोप्सीत ऍडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा हा लाळग्रंथीचा कॅन्सर निघाला आणि तेव्हापासून या विषयावर जे हाती लागेल ते वाचत आले. मग ओळखीतून फोन यायला लागले, कोणाचे बाबा, कोणाची जाऊ, कोणी यवतमाळचं, कोणी गोंदियाचं, आणि प्रश्न फिरून फिरून तेच, "ताई, उंदरावर औषध सापडलं म्हणे, मग आम्हाला काहून नाही देत?" फोनवर दहा मिनिटांत हे सांगून होत नाही म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतेय. उपचार काय घ्यायचा ते तुमचे डॉक्टरच सांगतील, मी फक्त संशोधन कुठून कसं येतं ते सांगते.

लाळग्रंथी नक्की कुठे असतात? एकच कॅन्सर असतो का?

मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात, कानासमोरची पॅरोटिड, जबड्याखालची सबमँडिब्युलर आणि जिभेखालची सबलिंग्वल. त्याशिवाय टाळू, ओठ, गाल, घसा इथे शेकड्यांनी बारीक बारीक ग्रंथी पसरलेल्या असतात, आईची गाठ त्यातल्याच एकीतली. गंमत अशी की ग्रंथी जितकी मोठी तितकी गाठ साधी असायची शक्यता जास्त, पॅरोटिडमधल्या गाठींपैकी साधारण ८० टक्के कॅन्सर नसतात, पण बारीक ग्रंथीतली गाठ निघाली तर जास्त जपून तपासावी लागते.

आणि एकच कॅन्सर नाही, इथेच सगळी अडचण सुरू होते. डोकं आणि मान या भागातल्या कॅन्सरमध्ये लाळग्रंथीचा वाटा १०० मध्ये ३ ते ६ एवढाच, आणि त्या थोड्यांतही जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत २० पेक्षा जास्त वेगवेगळे प्रकार आहेत. म्युकोएपिडर्मॉइड, ऍडिनॉइड सिस्टिक, ऍसिनिक सेल, सॅलिव्हरी डक्ट, सिक्रेटरी, ही त्यातली नेहमी कानावर पडणारी नावं. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, आतला जनुकीय बिघाड वेगळा. म्हणजे एका दवाखान्यात एका प्रकाराचे वर्षभरात मोजकेच पेशंट येणार, मग औषध तपासायला माणसं आणायची कुठून? म्हणून प्रयोगशाळेतल्या मॉडेलवर या कॅन्सरचं जेवढं अवलंबून आहे तेवढं स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरचं नाही, असं मला वाटतं.

आमच्याकडे कोणी खर्रा खात नाही, मग झालाच कसा?

नागपुरात हा प्रश्न पहिला येणार हे मला माहीत आहे, आणि यात घरचे लोक पेशंटकडे संशयाने बघतात ते फार वाईट. खर्रा-तंबाखूने तोंडाचा जो कॅन्सर होतो तो तोंडाच्या आतल्या अस्तराचा, लाळग्रंथीचा कॅन्सर वेगळा. सिगारेट-बिडीचा पक्का संबंध वॉर्थिन ट्यूमर नावाच्या गाठीशी आहे आणि ती कॅन्सर नसते. रेडिएशनचा संबंध मात्र सिद्ध झालाय, हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्या लोकांत या गाठी जास्त दिसल्या, लहानपणी डोक्या-मानेला रेडिएशन घेतलेल्यांतही दिसतात. बहुतेक पेशंटमध्ये मात्र बोट ठेवावं असं कारण सापडतच नाही. (म्हणून खर्रा खायला हरकत नाही असा अर्थ कोणी काढू नका, हात जोडून सांगते.)

मॉडेल म्हणजे काय हो? सरळ माणसावरच औषध का नाही तपासत?

मॉडेल म्हणजे कॅन्सरची अशी नक्कल जिच्यावर चूक झाली तरी माणसाचा जीव जात नाही. काचेच्या थाळीत वाढवलेल्या पेशी, उंदराच्या कातडीखाली लावलेला पेशंटच्या गाठीचा तुकडा, जनुकं बदलून मुद्दाम गाठ येईल असा तयार केलेला उंदीर, जेलमध्ये वाढवलेले पेशींचे छोटे गोळे म्हणजे ऑर्गनॉइड, ही सगळी मॉडेलच. कुठलंही मॉडेल म्हणजे पूर्ण आजार नव्हे, प्रत्येकाला आजाराची एक बाजू दाखवता येते. त्यामुळे बातमी वाचली की आधी बघायचं, हे कशावर केलंय. थाळीतल्या पेशी मरतात अशी हजारो रसायनं आहेत, त्यातली फार थोडी पेशंटपर्यंत पोचतात.

थाळीतल्या पेशींवर विश्वास ठेवायचा का?

यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण हे वाचून मी स्वतः हादरले होते.

पेशंटच्या गाठीतून पेशी काढून त्या वर्षानुवर्षं वाढत राहिल्या की तिला सेल लाइन म्हणतात. ऍडिनॉइड सिस्टिकच्या एसीसी२, एसीसी३, एसीसीएम, एसीसीएस अशा नावाच्या लाइन होत्या, अनेक वर्षं जगभरच्या प्रयोगशाळा त्या वापरत होत्या, त्यावर पेपर निघत होते, हे औषध चालतं ते चालत नाही असे निष्कर्ष काढले जात होते. २००९ मध्ये अशा सहा लाइनचा डीएनए तपासला गेला, आणि एकही खरी निघाली नाही. एसीसी२, एसीसी३ आणि एसीसीएम या हेला पेशी निघाल्या, म्हणजे १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोरला हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून घेतलेल्या पेशी. एसीसीएस मूत्राशयाच्या कॅन्सरची निघाली. उरलेल्या दोन तर माणसाच्याच नव्हत्या, दुसऱ्या सस्तन प्राण्यांच्या होत्या. लाळग्रंथीच्या अभ्यासात भरपूर वापरलेली एचएसजी नावाची लाइनसुद्धा हेलाच निघालेली आहे.

असं होतं कसं? हेला पेशी साधारण दिवसभरात दुप्पट होतात आणि लाळग्रंथीच्या खऱ्या पेशी अतिशय हळू वाढतात, त्यामुळे एका पिपेटच्या टोकाला लागून चार हेला पेशी जरी थाळीत पडल्या तरी काही आठवड्यांत मूळ पेशी संपून जातात, वरून बघणाऱ्याला वाटतं वा, आपल्या पेशी मस्त वाढायला लागल्या! मी कॉलेजात कल्चर केलंय, कंटॅमिनेशन म्हणजे नको ते मिसळणं काय असतं ते हाताने भोगलंय, पण बुरशी आली तर निदान दिसते तरी, हे डोळ्यांना दिसतच नाही.

आता चांगल्या प्रयोगशाळा एसटीआर तपासणी करतात, म्हणजे पेशींचे बोटांचे ठसे घेण्यासारखंच, आणि ते मूळ पेशंटच्या डीएनएशी जुळवून बघतात. मी आजही लाळग्रंथीवरचा पेपर उघडला की पहिले लाइनचं नाव शोधते आणि या जुन्या नावांपैकी असलं तर पुढे वाचत नाही. २००९ नंतरच्या काही पेपरमध्येही ती नावं येतात, म्हणून तुम्हीही बघत जा.

मग खऱ्या लाइन आहेत की नाही?

आहेत, थोड्या आहेत. मिशिगन विद्यापीठात म्युकोएपिडर्मॉइडच्या यूएम-एचएमसी नावाच्या लाइन तयार झाल्या, २०१३ मध्ये त्याबद्दल छापून आलं, पुढे तिथेच ऍडिनॉइड सिस्टिकची यूएम-एचएसीसी-२ए आली. या मूळ पेशंटशी जुळवून तपासलेल्या आहेत. आपल्याकडे सेल लाइन लागल्या तर पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातून, म्हणजे एनसीसीएसमधून मागवतात, तिथे सेल रिपॉझिटरी आहे, विदर्भातल्या कॉलेजांतले विद्यार्थीही बरेचदा तिथूनच घेतात. कुठूनही आणा, आपल्याकडे आल्यावर पुन्हा ठसा तपासा, एवढंच माझं या पोट्ट्यांना सांगणं आहे.

उंदरात माणसाची गाठ लावतात म्हणजे नेमकं काय करतात?

ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा ताजा तुकडा, अगदी तांदळाच्या दाण्याएवढा, प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली ठेवतात. प्रतिकारशक्ती नाही म्हणून उंदराचं शरीर तो तुकडा नाकारत नाही. लागला तर गाठ वाढते, मग तिचे तुकडे पुढच्या उंदरांत, असं करत पिढ्या चालवतात. याला पेशंट-डिराइव्ह्ड झेनोग्राफ्ट म्हणतात, बोलताना सगळे पीडीएक्सच म्हणतात.

ऍडिनॉइड सिस्टिकसाठी हे फार मोलाचं ठरलं, कारण थाळीत त्या पेशी टिकतच नव्हत्या. २०११ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टीमने अशा पीडीएक्सचा संच छापला, आणि त्यामागे पेशंटच्या बाजूच्या लोकांचाही मोठा हात होता, ऍडिनॉइड सिस्टिक कार्सिनोमा रिसर्च फाउंडेशन ही संस्था २००५ मध्ये एका पेशंट बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने सुरू केली आणि त्यांनी पैसा याच पायाभूत कामात घातला. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता, घरात बसलेली दोन माणसं एवढं करू शकतात.

उणिवाही आहेतच. गाठ लागायला महिने जातात, सगळ्या लागत नाहीत, आणि ज्या लागतात त्या बहुतेक जास्त आक्रमक असतात म्हणजे निवड आधीच एका बाजूला झुकलेली. दुसरं, गाठीभोवतीचा आधार देणारा भाग, रक्तवाहिन्या वगैरे, हळूहळू उंदराच्याच होऊन जातात.

जनुकं बदललेले उंदीर वेगळे असतात का?

वेगळेच. इथे गाठ बाहेरून लावत नाहीत, उंदराच्या स्वतःच्या ग्रंथीतच सुरू करतात, आणि त्याची प्रतिकारशक्ती शाबूत असते, त्यामुळे पहिल्या बिघाडापासून गाठीपर्यंतचा प्रवास बघता येतो.

उंदीर आणि लाळग्रंथी यांचं नातं तसं जुनं. १९५३ मध्ये लुडविक ग्रॉस न्यूयॉर्कला उंदरांच्या ल्युकेमियावर काम करत होते, आजारी उंदरांचा गाळलेला अर्क त्यांनी नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना टोचला तर काहींना ल्युकेमियाऐवजी पॅरोटिडच्या गाठी आल्या. पुढे सारा स्टुअर्ट आणि बर्निस एडी या दोघींनी त्या अर्कातला गाठी आणणारा विषाणू वाढवून दाखवला, त्याने कितीतरी जागी गाठी येतात म्हणून नाव पडलं पॉलिओमा. मग डीएमबीए नावाचं रसायन उंदीर-घुशींच्या ग्रंथीत ठेवून गाठी आणायचे, पण त्या बहुतेक स्क्वेमस प्रकारच्या नाहीतर सार्कोमा निघायच्या, माणसाच्या लाळग्रंथीतल्या नेहमीच्या कॅन्सरसारख्या नाहीत. गाठ आली म्हणजे मॉडेल झालं असं नाही.

आताची पद्धत उलटी आहे. आधी माणसाच्या गाठीत बिघाड शोधायचा, मग तोच उंदरात घालायचा. २००३ मध्ये म्युकोएपिडर्मॉइडमध्ये सीआरटीसी१ आणि एमएएमएल२ ही दोन जनुकं चिकटलेली सापडली, २००९ मध्ये ऍडिनॉइड सिस्टिकमध्ये एमवायबी आणि एनएफआयबी. २००५ मध्ये पीएलएजी१ जनुक जास्त चालवलेले उंदीर केले तर त्यांना प्लिओमॉर्फिक ऍडिनोमासारख्या (ही लाळग्रंथीची साधी, कॅन्सर नसलेली गाठ) गाठी आल्या, माणसातही या गाठीत हेच जनुक बिघडलेलं असतं, म्हणजे धागा जुळला. सीआरटीसी१-एमएएमएल२ घातलेले उंदीरही आता आहेत.

ऑर्गनॉइड म्हणजे छोटा अवयवच ना?

अवयव नाही, पण नुसत्या सपाट थाळीपेक्षा बराच जवळचा. पेशी मॅट्रिजेल नावाच्या मऊ जेलमध्ये ठेवल्या की त्या गोळा होऊन नळ्या-पोकळ्यांसारखी रचना करतात. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेने आतड्याच्या स्टेम सेलपासून (नव्या पेशी तयार करणाऱ्या मूळ पेशी) हे करून दाखवलं, मग बाकीच्या अवयवांत पसरलं, लाळग्रंथीतही. उंदरापेक्षा लवकर होतं, एका वेळी बरीच औषधं तपासता येतात. रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, आणि गाठीतल्या निरोगी पेशी जास्त जोमाने वाढून बसल्या तर आपण कॅन्सरऐवजी चांगल्याच पेशी तपासत बसतो, हा धोका लाळग्रंथीत खूप आहे.

कोंबडीच्या अंड्यावर आणि माशावर पण करतात म्हणे?

हो. फलित अंड्याच्या आत जो रक्तवाहिन्यांचा पडदा असतो त्यावर गाठीच्या पेशी ठेवून काही दिवसांत वाढ बघता येते, स्वस्त पडतं. झेब्राफिशचं पिल्लू पारदर्शक असतं म्हणून आतल्या पेशी सरळ मायक्रोस्कोपखाली दिसतात. माशाला आपल्यासारख्या लाळग्रंथी नसतात, तरी पुढच्याच प्रश्नाचं उत्तर एका माशापासून सुरू होतं.

उंदरावर चाललं ते माणसावर चालतं का?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून एक पूर्ण गोष्ट सांगते.

ऍडिनॉइड सिस्टिकमध्ये एमवायबी जनुक जास्त चालतं. संशोधकांनी झेब्राफिशच्या भ्रूणाच्या पेशींवर रसायनं तपासली आणि रेटिनॉइक ऍसिडने एमवायबी खाली येतो असं सापडलं. मग माणसाच्या गाठी लावलेल्या उंदरांना ते दिलं, गाठींची वाढ मंदावली. २०१८ मध्ये हे छापून आलं. औषध नवीनही नाही, एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आधीपासून देतात, म्हणजे लगेच पेशंटवर ट्रायल घेता आली. १८ पेशंट होते. एकाचीही गाठ ठरलेल्या मापाइतकी लहान झाली नाही. ११ जणांची गाठ काही काळ वाढली नाही, पण हा आजार मुळातच हळू चालतो, त्यामुळे ते औषधाने की स्वभावाने, हे नेमकं सांगता येत नाही.

मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस काही सुचलं नव्हतं. पण आता वाटतं मॉडेल खोटं बोललं नाही, उंदरातसुद्धा वाढ मंदावलीच होती, गाठी गायब झाल्या नव्हत्या, बातमीत मात्र "कॅन्सरवर औषध सापडलं" असं येतं. म्हणून बातमीत "मंदावली" लिहिलंय की "लहान झाली" लिहिलंय ते नक्की बघा.

दुसऱ्या बाजूचं उदाहरण सिक्रेटरी कार्सिनोमाचं. त्यात ईटीव्ही६ आणि एनटीआरके३ ही जनुकं चिकटलेली असतात आणि तोच बिघाड गाठीचा मुख्य इंजिन असतो. लारोट्रेक्टिनिब हे औषध एनटीआरके बिघाड असलेल्या वेगवेगळ्या अवयवांच्या ५५ पेशंटना दिलं, त्यात १२ लाळग्रंथीचे होते, एकूण ७५ टक्क्यांत गाठी लहान झाल्या, २०१८ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. इथे अवयव कुठला यापेक्षा बिघाड कुठला हे महत्त्वाचं ठरलं.

नॉच१ जनुक बिघडलेले ऍडिनॉइड सिस्टिकचे पेशंट या दोन्हींच्या मधे कुठेतरी येतात, साधारण पाचातला एक. या जनुकाचा पेशीतला संदेशाचा मार्ग अडवणाऱ्या औषधांनी पीडीएक्समध्ये गाठी आटल्या आणि पेशंटमध्येही काही जणांच्या लहान झाल्या, सगळ्यांच्या नाही.

माझ्या गाठीचं मॉडेल करून मला कुठलं औषध लागू पडेल ते सांगतील का?

आज तरी या भरवशावर उपचार थांबवून बसू नका. उंदरात गाठ लागायला महिने, मग तपासायला आणखी, आणि लागेलच याची खात्री नाही. गाठीतला जनुकीय बिघाड तपासणं मात्र वेगळी गोष्ट, ते आत्ता होतं आणि आत्ता उपयोगी पडू शकतं. सॅलिव्हरी डक्ट असेल तर हर२ आणि अँड्रोजन रिसेप्टर ही प्रथिनं, सिक्रेटरी वाटत असेल तर एनटीआरके, हे डॉक्टरांना विचारा. मॉडेलवर जे शिकलं गेलं ते तुमच्यापर्यंत याच रिपोर्टमधून पोचतं.

मॉडेलमध्ये अजून काय जमत नाही?

वेळ. ऍडिनॉइड सिस्टिक दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा फुप्फुसात परत येऊ शकतो आणि उंदीर जगतो दोन-अडीच वर्षं. ती मधली वर्षं पेशी गप्प कशा बसतात, हे कुठल्याच उंदरात बघता येत नाही. नसांचंही तसंच, हा कॅन्सर नसेच्या कडेकडेने सरकतो (आईला टाळू बधिर वाटायचा तो यामुळेच), पण कातडीखाली लावलेल्या गाठीला तशी नस मिळतच नाही, म्हणून आता काही जण उंदराच्या नसांच्या पेशी आणि कॅन्सरच्या पेशी शेजारी शेजारी वाढवून बघतात. इम्युनोथेरपीचं (आपल्याच प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारा उपचार) तर विचारूच नका, ज्या उंदराला प्रतिकारशक्तीच नाही त्यात ती तपासणार कशी? त्यासाठी माणसाच्या रक्तपेशी घातलेले उंदीर वापरतात, महाग आणि किचकट काम आहे.

उंदरांना त्रास होतो त्याचं काय?

आईनेच मला हे विचारलं होतं. भारतात असे प्रयोग १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली येतात, केंद्राची सीसीएसईए समिती त्यावर देखरेख करते, प्रत्येक संस्थेत आधी तिथल्या समितीची परवानगी लागते, किती प्राणी आणि का ते लिहून द्यावं लागतं. ऑर्गनॉइडने जे होतं ते उंदरावर करू नये हा विचार वाढतोय आणि वाढायलाच हवा.

नागपुरातून आपण यात काय करू शकतो?

इथे मेडिकल आणि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आहेत, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, जामठ्याचं एनसीआय, मिहानमधलं एम्स, डेंटल कॉलेज, म्हणजे विदर्भच नाही तर छिंदवाडा-बालाघाटचेही पेशंट इथेच येतात. दुर्मिळ आजाराच्या गाठी इथल्या ऑपरेशन थिएटरमधून जातात, एवढं लक्षात घ्या.

आता माझी हळहळ सांगते. आईची गाठ काढली ती सगळीच्या सगळी फॉर्मलिनमध्ये (तुकडा टिकवायचं रसायन) गेली, जशी नेहमी जाते. रिपोर्टसाठी ते बरोबरच आहे. पण फॉर्मलिनमध्ये गेलेल्या तुकड्यातल्या पेशी जिवंत नसतात, त्यातून ना सेल लाइन होते, ना ऑर्गनॉइड, ना पीडीएक्स. आम्हाला कोणी विचारलं नाही आणि विचारायचं असतं हे मलाच तेव्हा माहीत नव्हतं. म्हणून ऑपरेशनच्या आधी, तारीख मिळाली की लगेच, सर्जनना विचारा की इथे किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या संशोधन केंद्राशी जोडलेला एखादा अभ्यास चालू आहे का, ताजा तुकडा देता येईल का. बहुतेक वेळा "नाही" असंच उत्तर येईल. तरी विचारा.

आणि ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले गाठीचे तुकडे, सांभाळा. मुंबईला सेकंड ओपिनियनला जाताना दुरांतोमध्ये बॅगेत टाकलेले ब्लॉक-स्लाइड परत आणायचे राहून गेले अशा दोन घरांचे फोन मला आलेत. ब्लॉकमधून जिवंत मॉडेल होत नाही पण जनुकीय तपासणी वर्षांनंतरही होऊ शकते. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडच्या मे महिन्यात मेण वितळू शकतं.

ट्रायल चालू आहे का ते कसं बघायचं?

सीटीआरआय नावाची सरकारी नोंदवही आहे, १५ जून २००९ पासून भारतात ट्रायलची नोंद तिथे करणं सक्तीचं आहे, बघायला पैसे लागत नाहीत. तुमच्या प्रकाराचं नाव टाकून बघा, आणि फक्त "सॅलिव्हरी" टाकून थांबू नका, जनुकाचं नावही टाकून बघा, कारण एनटीआरकेसारख्या ट्रायलमध्ये अवयवाचं नाव नसतंच.

संशोधनाला तुकडा दिला तर आमच्या रिपोर्टला कमी पडेल का?

पडू द्यायचा नसतो. आधी पॅथॉलॉजिस्ट रिपोर्टला लागेल तेवढं घेतात, कडा तपासतात, उरलं तरच संशोधनाला जातं, आणि त्यासाठी वेगळ्या कागदावर सही लागते, ऑपरेशनच्या संमतीत ते आपोआप येत नाही. कागद मराठीत मागा, तो तुमचा हक्क आहे. नाही म्हटलं तरी उपचारात फरक पडता कामा नये आणि नंतर मन बदललं तर संमती परतही घेता येते. आईला मी हे सगळं नंतर समजावून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तेव्हा विचारलं असतं तं देली असती न बाप्पा."